तेरावं झाल्यावर काढायची फाइल

तेरावं होईपर्यंत कपाट उघडायचं नाही, असं आजी म्हणायची. घर, ठेवी, जमीन वारसांच्या नावावर करायच्या कागदांची फाइल त्यानंतरच काढावी, एक कागद सोडला तर मलाही ते पटतं. तो कागद म्हणजे मृत्यूचा दाखला. कायद्याने मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. माणूस हॉस्पिटलमध्ये गेला तर कळवायचं काम हॉस्पिटल करतं. घरी गेला तर डॉक्टरांनी दिलेला मृत्यूच्या कारणाचा कागद आणि स्मशानभूमीतली पावती जपून ठेवा, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात त्यावरूनच पुढे काम सरकतं. दाखला हातात घेण्याआधी नाव अक्षरन्‌अक्षर वाचा. सोसायटीने दिलेल्या शेअर सर्टिफिकेटवर जसं नाव आहे, तसंच इथे हवं. बाबांच्या दाखल्यावर आजोबांच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं. तेव्हा आम्ही रडण्यात होतो आणि कोणी वाचलंच नाही. ते एक अक्षर दुरुस्त करून घेण्यात जेवढे दिवस गेले, तेवढ्यात दोन बँकांची कामं झाली असती. प्रती दहा तरी घ्या, कारण जिथे जाल तिथे एक ठेवून घेतात.

मग एका पांढऱ्या कागदावर वंशावळ काढा. वकिलाकडे जायच्या आधी, घरीच, आईला शेजारी बसवून. हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्याच्या स्वतःच्या कमाईची मालमत्ता आधी पहिल्या वर्गातल्या वारसांकडे जाते: पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई. सगळ्यांना सारखा वाटा. मुलगी लग्न होऊन कितीही वर्षं झालेली असो, वाटा तोच. त्या माणसाच्या आधीच गेलेला मुलगा असेल, तर त्या मुलाचा वाटा त्याच्या बायकामुलांना मिळतो. या यादीत माणसं सगळ्यात जास्त विसरतात ती आजीला. बाबा गेले तेव्हा आजी हयात असेल, तर ती वारस आहे. ती चार वर्षांनी गेली, तर तिचा वाटा आपोआप तुमच्याकडे येत नाही, तिच्या सगळ्या मुलांकडे जातो, म्हणजे काका आणि आत्यांकडेही. मग सोसायटी त्यांच्याही सह्या मागते आणि घरातल्या घरात बोलणं अवघड होऊन बसतं. म्हणून आजी असेपर्यंतच तिच्याशी बोला, तिला काय हवंय ते विचारा आणि त्याचा नीट कागद करा. हा सगळा हिशेब हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांचा. मुस्लिम कुटुंबात मुस्लिम व्यक्तिगत कायदा लागतो, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा. तिथे वाटे वेगळे पडतात, तेव्हा शेजाऱ्याने सांगितलं म्हणून आपलं तसंच, असं धरू नका.

वंशावळीतल्या प्रत्येक बाईच्या नावापुढे तिची सगळी नावं लिहा. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आणि आईच्या पिढीत पहिलं नावही बदलायचे. तांदळात नाव लिहिलं आणि माहेरची कुसुम सासरी सुनंदा झाली. घरात कोणाला त्याचं काही वाटत नाही, पण खिडकीमागच्या माणसासमोर त्या दोन वेगळ्या बायका असतात. मुलगी ही या बापाचीच, हे दाखवणारा सगळ्यात भरवशाचा कागद म्हणजे तिचा शाळा सोडल्याचा दाखला, कारण त्यावर वडिलांचं नाव असतं. त्याच्यासोबत विवाह नोंदणीचा दाखला, म्हणजे माहेरच्या नावापासून सासरच्या नावापर्यंत साखळी पुरी होते. जुन्या लग्नांची नोंदच झालेली नसते. तिथे राजपत्रात नाव बदलल्याची प्रसिद्धी असेल तर ती, नसेल तर प्रतिज्ञापत्र चालतं का, हे ज्या कार्यालयात कागद द्यायचा तिथे आधी विचारा. बहिणीच्या लग्नाची पत्रिका कोणी जपून ठेवली असेल तर तीही फाइलला लावा.

आता घराचा प्रश्न, आणि मुंबईत हाच खरा जड. आधी हे ठरवा की घर मालकीचं आहे की पागडीचं. गिरगाव, लालबाग, परळ, दादर भागातल्या कितीतरी खोल्या पागडीच्या आहेत. बाहेरून सगळं सारखं दिसतं, पण कायदा पार वेगळा. पागडीच्या खोलीत बाबा भाडेकरू होते, मालक नव्हते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरू गेल्यावर भाडेहक्क त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. असं कोणी नसेल तरच इतर वारसांचा विचार होतो. मृत्युपत्रात खोली धाकट्याच्या नावे लिहून ठेवली, तरी तेवढ्यावर भाडेहक्क त्याचा होत नाही. म्हणून पागडीच्या घरात फाइल भरायची ती राहण्याच्या पुराव्याने: भाडेपावत्या सलग, रेशन कार्ड, मतदार यादीतलं नाव, गॅसचं पुस्तक, बँकेचं पासबुक त्याच पत्त्याचं. बाबा आजारी असताना जो त्यांच्याजवळ राहिला, त्याचं नाव या कागदांवर नसेल तर ते आत्ताच घालून घ्या. इमारत पुनर्विकासाला गेली की पावती कोणाच्या नावावर, हाच पहिला प्रश्न येतो.

मालकीच्या फ्लॅटला लागणारे कागद वेगळे. मूळ शेअर सर्टिफिकेट, बिल्डरपासून बाबांपर्यंतचे सगळे करार, मुद्रांक शुल्काच्या पावत्या, नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातून मिळणारा कराराचा गोषवारा), मेंटेनन्सची शेवटची बिलं. सत्तर-ऐंशीच्या दशकात घेतलेल्या फ्लॅटचे करार पुष्कळदा नोंदवलेलेच नसतात. असा करार निघाला तर घाबरू नका, पण लपवूही नका. तो वकिलाला पहिल्याच भेटीत दाखवा, कारण विकायच्या वेळी तो निघाला तर गिऱ्हाईक हातचं जातं.

सोसायटीत पहिला प्रश्न नॉमिनेशनचा येतो, आणि सर्वात जास्त भांडणं त्याच्यावरूनच होतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. २०१९ मध्ये राज्याच्या सहकारी संस्था कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यात हे स्पष्टच लिहिलं आहे की नॉमिनीला तात्पुरता सदस्य करायचं आणि कायदेशीर वारसांची नावं लागेपर्यंतच ते चालायचं. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. तेव्हा बाबांनी नॉमिनी म्हणून फक्त दादाचं नाव घातलं होतं, याचा अर्थ घर दादाला दिलं असा होत नाही. दादानेही तसा अर्थ काढू नये. फ्लॅट वारसांच्या नावावर करायला सोसायटी मृत्युपत्र, सक्सेशन सर्टिफिकेट (येणी आणि शेअर्ससाठी कोर्ट देतं तो दाखला), वारस दाखला किंवा सगळ्या वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक करार यांपैकी काही मागू शकते. नॉमिनेशनच नसेल तर सोसायटी फलकावर आणि दोन वर्तमानपत्रांत नोटीस देऊन हरकती मागवते आणि वारसांकडून हमीपत्र घेते. आणि हे ठामपणे लक्षात असू द्या: वारसाच्या नावावर फ्लॅट करताना सोसायटीला प्रीमियम, म्हणजे नाव बदलून देण्याचे जादा पैसे, घेता येत नाही. आमच्याकडे पंचवीस हजार तोंडी मागितले गेले. आम्ही उपविधीतला, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीतला, नियम काढून लेखी मागणी द्या म्हटलं. लेखी मागणी आलीच नाही.

मृत्युपत्र सापडलं तर आधी दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत का ते बघा, त्यांच्याशिवाय ते उभं राहत नाही. नोंदणी केलेली असली तर बरं, पण नसली म्हणून ते बाद होत नाही. मूळ प्रत लॅमिनेट करू नका, तिला भोकं पाडू नका. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला. त्याबद्दल मुंबईकरांच्या मनात जुनी भीती आहे आणि ती साधार होती. भारतीय वारसा कायद्याच्या कलम २१३ मुळे मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत हिंदूंच्या मृत्युपत्रालाही प्रोबेट सक्तीचं होतं. संसदेने २०२५ च्या डिसेंबरमध्ये ते कलम रद्द केलं. सक्ती गेली, पण प्रोबेट घेण्याची सोय आहेच, आणि घरात एकजण जरी मृत्युपत्र खोटं म्हणत असेल तर मी प्रोबेट घ्यायलाच सांगेन.

भाऊ परदेशात असेल तर त्याच्यासाठी वेगळा कप्पा करा आणि त्याच्यापासूनच सुरुवात करा, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो. त्याने अमेरिकेचं किंवा दुसऱ्या कुठल्या देशाचं नागरिकत्व घेतलं म्हणून वारसाहक्क जात नाही. अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिक झालेले मूळचे भारतीय) इथली मालमत्ता वारसाने घेऊ शकतात, शेतजमीनसुद्धा. ती विकत मात्र घेता येत नाही, आणि वारसाने आलेली विकायची तर इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. पैसे बाहेर न्यायचे तर ते एनआरओ खात्यातून (अनिवासींचं इथल्या बँकेतलं रुपयांचं खातं), एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत, कराचे कागद पुरे करून. आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून नवा पासपोर्ट घेतल्यावर जुना भारतीय पासपोर्ट जमा केल्याचा पुरावा त्याच्याकडे असायला हवा. रद्द केलेला तो जुना पासपोर्टही टाकून देऊ नये. त्याच्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पुरं असतं, आणि तिकडच्या पासपोर्टवर मधलं नाव बहुतेक गळलेलं असतं.

सह्यांसाठी तो येऊ शकत नसेल तर मुखत्यारपत्र लागतं. ते भारतीय वकिलातीत जाऊन करायचं, किंवा तिथल्या नोटरीसमोर करून अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का, घ्यायचा. इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याच्यावर मुद्रांक शुल्क भरायला हवं. आमचं मुखत्यारपत्र कुरिअरने आलं, आईने देवाजवळ ठेवलं आणि दिवाळीनंतर बघू म्हणत मुदत टळली. पुन्हा दादाला रजा काढून तीन तास गाडी चालवत जावं लागलं. पाकीट आलं त्या दिवशी पाकिटावर तारीख लिहा. मुखत्यारपत्रात ‘सर्व व्यवहार’ असं मोघम नको. कोणता फ्लॅट, कोणतं काम, कोणाच्या नावे हक्क सोडायचा, हे नेमकं लिहून घ्या.

बँकांचं काम त्या मानाने सोपं. एफडी, लॉकर, पोस्ट, पीपीएफ, विमा, म्युच्युअल फंड यांची यादी करा आणि जुन्या डायऱ्या, पासबुकं चाळा. दहा वर्षं कोणी न विचारलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण वारसाला त्या परत मिळतात. ‘उद्गम’ नावाच्या तिच्या पोर्टलवर नाव टाकून शोधता येतं. सक्सेशन सर्टिफिकेट हे अशा येण्यांसाठी आणि शेअर्ससाठी असतं. त्याने जमिनीची किंवा घराची मालकी ठरत नाही, हे माहीत असलं म्हणजे उगाच कोर्टाच्या फेऱ्या पडत नाहीत.

गावच्या जमिनीचा सातबारा आजच काढून बघा. त्यावर अजून पणजोबांचं नाव निघालं तर नवल नाही. वारस नोंदीचा अर्ज ‘ई-हक्क’ या सरकारी ऑनलाइन सोयीवरून मुंबईत बसून करता येतो. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवावं असा नियम आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. तो देणारी कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ ला, वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. गावाकडून ‘बहिणींची नावं कशाला, एक सही द्या’ असा फोन येईल. त्या फोनवर हो म्हणू नका.

कारण ती सही हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला वाटा सोडून देण्याच्या कागदावर असते, आणि ते एकदा नोंदवलं की सहजी परत फिरत नाही. मोबदला न घेता जवळच्या नात्यात केलं तर मुद्रांक शुल्क फक्त ५०० रुपये. त्यात पैशाचा आकडा आला की खरेदीखतासारखं पुरं शुल्क लागतं. स्वस्त आहे म्हणूनच घाई होते, आणि घाईत आईची सही सगळ्यात आधी घेतली जाते. माझं मत सांगते: बाकी सगळ्यांनी आपला हक्क आईच्या नावे सोडावा, आईने कोणाच्याही नावे सोडू नये. मुलं चांगली आहेत म्हणूनच हे करायला सोपं जातं. ज्या बाईला सही करायला घाई केली जातेय तिने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

हक्कसोडपत्र नोंदवायला दुय्यम निबंधकाकडे जायच्या दिवशी सगळ्यांची मूळ आधार आणि पॅन कार्डं, ओळख पटवणारे दोन माणसं त्यांच्या कागदांसकट, आणि आदल्या रात्रीच मराठीतून आईला वाचून दाखवलेला मसुदा बरोबर घ्या. म्हाताऱ्या बोटांचे ठसे मशीनवर लवकर उमटत नाहीत, तेव्हा सकाळची वेळ घ्या, तिचा चष्मा आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा, आणि तिला रांगेत उभं न करता बाकावर बसवून नंबर आला की बोलवा.