शाळा संपल्यावर काय? दिव्यांग मुलाच्या मोठेपणाची आखणी कशी करावी

शाळा असते तोवर वेळापत्रक, थेरपी, ओळखीच्या बाई असं सगळं जागच्या जागी असतं. शेवटची परीक्षा झाली की हे सगळं एकदम थांबतं आणि घरचे गांगरतात. म्हणून तयारी 14व्या वर्षीच सुरू करा. अमेरिकेत मूल 16 वर्षांचं होईपर्यंत असा आराखडा करणं शाळांना कायद्यानेच बंधनकारक आहे, पण दोन वर्षं जास्त हाताशी असलेली बरी.

१. आधी त्यालाच विचारा. ‘मोठेपणी कोण होणार?’ या प्रश्नाला कुणालाच धड उत्तर देता येत नाही. त्यापेक्षा दोन फोटो समोर ठेवा. गर्दीची जागा की शांत खोली? बसून काम की उभ्याने? मूल बोलत नसेल तर बोट, नजर, चित्रकार्ड, काहीही चालेल. शाळेतल्या बैठकीलाही त्याला सोबत न्या. तो समोर बसला की त्याच्याविषयी परस्पर ठरवणं जरा अवघड जातं.

२. रोजच्या कामांचे तुकडे पाडा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘एकट्याने बसने जाणं’ हे एक काम नव्हे. थांब्यावर पोचणं, बसचा नंबर ओळखणं, तिकीट काढणं, उतरायची जागा ध्यानात ठेवणं, आणि हमखास विसरला जाणारा तुकडा म्हणजे बस चुकली तर काय करायचं. तेव्हा एखादी बस मुद्दाम चुकवा. काही कामं शेवटाकडून शिकवलेली सोपी जातात. कुलूप तुम्ही लावा, किल्ली लावा, शेवटचा फिरकाव त्याला द्या. तो जमला की किल्ली लावायचंही त्याच्यावर सोपवा. काम पुरं केल्याचं समाधान पहिल्या दिवसापासून त्याचंच राहतं.

३. खऱ्या जागी काम करून पाहू द्या. वर्षानुवर्षं नुसती ‘पूर्वतयारी’ चालू ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. आठवड्यातून दोन तास, खरं काम, शेजारी शिकवणारं माणूस. ते माणूस हळूहळू मागे सरकलं पाहिजे.

४. सहीचा प्रश्न वेळेत सोडवा. बहुतेक देशांत 18 पूर्ण झाली की आईवडिलांची सही आपोआप चालत नाही. लगेच कायदेशीर पालकत्वासाठी, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घ्यायच्या अधिकारासाठी, अर्ज करण्याची घाई नको. संयुक्त राष्ट्रांच्या 2006च्या दिव्यांग हक्क करारातलं 12वं कलम सांगतं की कायद्यापुढे दिव्यांग व्यक्ती इतरांच्या बरोबरीची आहे, आणि निर्णय घेताना लागेल ती मदत तिला मिळायला हवी. बँकेचा कागद सोप्या भाषेत समजावून सांगणं, ही अशीच मदत.

५. डॉक्टर बदलणार, हे लक्षात असू द्या. बालरोगतज्ज्ञ कायमचे नसतात. आजारांची नावं, औषधं, मात्रा, ॲलर्जी एका कागदावर लिहा आणि तो कागद त्याच्या खिशात ठेवा. पुढच्या तपासणीला ‘मला इथे दुखतं’ एवढं एक वाक्य त्याने बोलायचं. डॉक्टर सवयीने तुमच्याकडे वळतील, तेव्हा तुम्ही त्याच्याकडे बघा.