नववीची तुकडी कोण ठरवतं?

वेळापत्रकाचं काम माझ्याकडे आलं, कारण कामांचं वाटप झालं त्या दिवशी मी रजेवर होते. आधीचे सर मे महिन्यात सेवानिवृत्त झाले आणि जूनमध्ये माझ्या टेबलावर पुठ्ठ्याचा मोठा तक्ता, रंगीत पेन्सिली आणि एक झिजलेलं खोडरबर येऊन पडलं. त्याला आता आठ वर्षं झाली. नाशिकला पंचवटी ओलांडून मखमलाबादच्या बाजूला आमची मराठी माध्यमाची अनुदानित शाळा आहे. यंदा दोन नवे शिक्षक रुजू झाले. दोघांचाही पहिल्या आठवड्यातला प्रश्न एकच, "मॅडम, नववीत मुलं विषय निवडतात म्हणजे नक्की काय करतात?" स्टाफरूममध्ये चहा पिता पिता दिलेलं उत्तर अर्धवट राहिलं, म्हणून हे सविस्तर.

मुलाला निवडायला खरी जागा एकच, दुसरी भाषा. बाकी सगळं ठरलेलं. राज्य मंडळाच्या दहावीला 600 गुण. आपल्याकडे मराठी पहिली भाषा, इंग्रजी तिसरी. प्रत्येक भाषेचे 80 लेखीचे आणि 20 अंतर्गत. गणिताचे 40-40 चे दोन पेपर आणि 20 अंतर्गत. आपण सवयीने बीजगणित आणि भूमिती म्हणतो, मंडळ भाग 1 आणि भाग 2 म्हणतं. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचंही तसंच, फक्त तिथे 20 प्रात्यक्षिकाचे. सामाजिक शास्त्रांत इतिहास-राज्यशास्त्र 40, भूगोल 40, अंतर्गत 20. या अंतर्गत गुणांना हलक्यात घेऊ नका. 2019 च्या परीक्षेला भाषांचे तोंडीचे गुण काढून टाकले होते आणि राज्याचा निकाल 77.10 टक्क्यांवर आला. पुढच्याच वर्षी ते गुण परत आले. 2019 च्या त्या जूनमध्ये आमच्या शाळेच्या व्हरांड्यात जी शांतता होती, ती मी अजून विसरलेले नाही.

दुसऱ्या भाषेला तीन वाटा. संपूर्ण हिंदी 100 गुणांची, संपूर्ण संस्कृत 100 ची, नाहीतर संयुक्त, म्हणजे हिंदी 50 आणि संस्कृत 50. नव्या माणसाचा इथेच गोंधळ होतो, कारण प्रत्येक वाटेचं पुस्तक वेगळं. संपूर्ण हिंदीला ‘लोकभारती’, संयुक्तला ‘लोकवाणी’. संपूर्ण संस्कृतला ‘आमोदः’, संयुक्तला ‘आनन्दः’. आठवीपर्यंत पुस्तकं सरकारकडून मिळतात, नववीत पहिल्यांदाच पालक दुकानात जातात. मेनरोडवर गर्दीत उभं राहून "नववी हिंदी द्या" म्हटलं की दुकानदार हाताला लागेल ते पुस्तक देतो. दर वर्षी आठ-दहा मुलं चुकीचं हिंदी घेऊन वर्गात बसलेली असतात. म्हणून पहिल्या दिवशी फळ्यावर विषयाचं नाव लिहू नका, पुस्तकाचं लिहा. पैसे खर्चायच्या आधी बालभारतीच्या संकेतस्थळावरची पीडीएफ मोबाइलवर उघडून दाखवली तर आणखी बरं.

आता तक्ता. आमच्याकडे सोमवार ते शुक्रवार आठ आणि शनिवारी पाच, अशा आठवड्याला 45 तासिका. मराठी, इंग्रजी, दुसरी भाषा आणि सामाजिक शास्त्रे प्रत्येकी सहा, गणित आणि विज्ञान प्रत्येकी सात. झाल्या 38. उरलेल्या सातांत शारीरिक शिक्षण, स्वविकास व कलारसास्वाद, जलसुरक्षा आणि स्काऊट-गाइड. या विषयांना गुण नाहीत, श्रेणी आहे, आणि म्हणूनच कुणी रजेवर गेलं की बदली तास याच विषयांच्या जागी बसतो. तसं होऊ देऊ नका असं मी सांगणार होते, पण मीही ते करते.

दुसऱ्या भाषेच्या सहा तासिका हीच तक्त्यातली सगळ्यात अवघड जागा. एकाच वर्गात संपूर्ण हिंदीची मुलं आणि संयुक्तची मुलं असली की त्या तासाला वर्ग फुटतो. निम्मी पोरं लोकभारती घेऊन बसतात, निम्मी लोकवाणी घेऊन जिन्याखालच्या खोलीत जातात. दोन खोल्या, दोन शिक्षक. त्यात संपूर्ण संस्कृतचीही मुलं असतील तर तिसरी खोली आणि तिसरा शिक्षक. आमच्याकडे हिंदीचे शिक्षक दोन, संस्कृतच्या बाई एकच, आणि त्यांना आठवी-दहावीही आहे. मग शाळा सोपा मार्ग काढते, एका विषयाची मुलं एका तुकडीत. आमच्याकडे अ म्हणजे संपूर्ण संस्कृत, ब म्हणजे संयुक्त, क म्हणजे संपूर्ण हिंदी.

तुकडीचं रहस्य एवढंच. पण पालकांना ते पटत नाही. "मॅडम, पोराला अ मध्ये टाका" म्हणत वडील येतात, संस्कृतशी त्यांना काही देणंघेणं नसतं. अ म्हणजे हुशारांची तुकडी हे गावानेच ठरवलेलं. आणि मग होतं असं की मार्कांसाठी संस्कृत घेतलेली मुलं अ मध्ये जमतात, निकाल चांगला लागतो, समज पक्की होते. मला हे मनापासून आवडत नाही. क मध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेल्या हिंदी भाषक घरांतली मुलं असतात. हिंदी त्यांच्या घरची भाषा, त्यांनी ती घेतली यात कमीपणा कसला?

‘संस्कृत स्कोअरिंग आहे’ हे खोटं नाही, पण अर्धंच खरं. टक्केवारी काढताना सर्वांत चांगल्या पाच विषयांचे गुण धरतात, 500 पैकी. सगळ्यांत कमी गुणांचा विषय गळतो. गणितात गटांगळ्या खाणाऱ्या मुलाला संस्कृत हात देतं. पण रूपं पाठ होत नाहीत म्हणून संस्कृतच गळणार असेल, तर दोन वर्षांची दगदग कशासाठी? हे पालकांना कागदावर आकडे मांडून दाखवा, बोलून पटत नाही. अकरावीत शास्त्र शाखेला जायचं म्हणून दहावीला संस्कृत हवं, असंही कुणी सांगतं. तसा काही नियम नाही. अकरावीला तर बरीच मुलं दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेतात.

माझी एक चूक सांगते, म्हणजे तुमची टळेल. दुसऱ्या वर्षी ब मधल्या एका मुलाला संस्कृत झेपेना. दिवाळीनंतर त्याची आई आली, मी आणि हिंदीच्या सरांनी तोंडी ठरवून त्याला संपूर्ण हिंदीत बसवलं. हजेरीपटावर मात्र तो ब मध्येच राहिला. वर्ष गेलं. दहावीला मंडळाची आवेदनपत्रं भरली ती जुन्या यादीवरून. प्री-लिस्ट, म्हणजे भरलेल्या माहितीची तपासायची यादी, हातात आली तेव्हा मी 71, 72, 73 हे गणित-विज्ञान-सामाजिक शास्त्रांचे सांकेतांक भराभर तपासत होते, कारण ते सगळ्यांना सारखेच. भाषांच्या रकान्यापाशी बोट थांबलं. त्याच्यापुढे संयुक्त. सव्वा वर्ष त्याने ‘आनन्दः’ उघडलंही नव्हतं. दुरुस्तीची मुदत शिल्लक होती म्हणून निभावलं. तेव्हापासून विषयबदल म्हणजे पालकाचा अर्ज, मुख्याध्यापकांची सही, हजेरीपटावर लाल शाईने नोंद, आणि तीही जुलैच्या आतच. प्री-लिस्ट मुलासमोर मोठ्याने वाचा. आपण चुकतो, पोरगं चुकत नाही.

नव्यांना आणखी एक गोष्ट उशिरा कळते. पटावर मुलं किती, यावर संचमान्यतेत, म्हणजे सरकार शाळेची पदं मंजूर करतं त्यात, शिक्षकांची पदं ठरतात. एखाद्या विषयाला मुलं कमी झाली की त्या शिक्षकाच्या पोटात गोळा येतो, अतिरिक्त, म्हणजे पदापेक्षा जास्तीचा, ठरायची भीती. आठवीच्या वर्गात मार्चमध्ये विषयाचा ‘प्रचार’ चालतो तो यामुळे. त्यावर रागावू नका, पण मुलाला सल्ला कोणत्या विषयाचा शिक्षक देतोय हे लक्षात ठेवा.

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या मुलांची नावं कलाशिक्षकांकडून वेळेत घ्या, इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात.

आणि एक मातोरीची मुलगी. घरची द्राक्षबाग, आठवीला संस्कृतात वर्गात पहिली. नववीच्या विषय निवडीच्या चिठ्ठीवर तिने लिहिलं, संपूर्ण हिंदी. मी बोलावून विचारलं तर पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत उभी. मग म्हणाली, "बाई, संस्कृतचा तास शाळा सुटल्यावर आहे ना. माझी बस जाते." त्या वर्षी मीच संपूर्ण संस्कृतच्या दोन तासिका शेवटच्या घंटेनंतर जादा लावल्या होत्या. तक्त्यात त्या इतक्या नीट बसल्या होत्या की मी स्वतःवर खूश होते. शाळेपासून चालत जाणाऱ्या मुलांना काही फरक पडत नव्हता. गिरणारे, मातोरी, मुंगसऱ्याकडच्या सगळ्यांची चिठ्ठी हिंदीची आली होती. मी नीट बघितलंच नव्हतं.

तक्ता पुन्हा काढला. दोन दिवस खोडरबर चाललं. संस्कृतच्या त्या दोन तासिका मधल्या सुट्टीनंतर आणल्या आणि त्यांच्या जागचं शारीरिक शिक्षण शनिवारी सकाळी ढकललं. मुलगी अ मध्ये आली. खेळाचे सर मात्र पावसाळ्यातल्या प्रत्येक शनिवारी ओल्या मैदानाकडे बोट दाखवून माझ्याकडे बघतात.