मुलाला फिट कधी येते? घड्याळाबरोबर झोपेचीही नोंद कशी ठेवावी

माझ्या भाच्याला आठव्या वर्षी पहिली फिट आली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, लाळ गळत होती, आम्ही काय बोलतो ते त्याला कळत होतं पण शब्द फुटत नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, "किती वाजता?" बहीण म्हणाली, "पहाटे, पोदेर (पाववाला) यायच्या आधी." पुढचा प्रश्न होता, "झोपेत आली की उठल्यावर?" फोंड्याच्या त्या घरात तेव्हा आम्ही चार माणसं होतो, आणि एकालाही याचं उत्तर देता आलं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही घरात एक वही आणली. ती कशी ठेवायची, ते इथे सांगते.

वही मुलाच्या खाटेजवळच ठेवा आणि पेन दोरीने तिलाच बांधा. रोज तीन वेळा लिहायच्या: रात्री डोळा कधी लागला, सकाळी जाग कधी आली आणि दुपारी झोपला असेल तर कधीपासून कधीपर्यंत. फिट न आलेल्या दिवशीही हे लिहायचंच. बहुतेक घरांत नेमकं हेच राहून जातं आणि वहीत फक्त वाईट दिवस उरतात. मग रात्रीचं जागरण आणि सकाळची फिट यांचा संबंध लावायला काही हातात राहत नाही. औषधाची गोळी चुकली किंवा ताप आला, तर तेही त्याच ओळीत लिहा.

फिट आली की आधी घड्याळ बघा. घाबरलेल्या आईला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं, म्हणून अंदाजावर जाऊ नका. मुलाला कुशीवर वळवा आणि आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला सारा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने फिट थांबत नाही, उलट मुलाचा श्वास नीट चालू आहे का हे बघायचं राहून जातं. घरात दुसरं कुणी असेल तर त्याला मोबाइलवर चित्रण करायला सांगा. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, किंवा पूर्ण शुद्ध यायच्या आत दुसरी सुरू झाली, तर १०८ ला फोन करा. डॉक्टरांनी फिट थांबवणारा नाकातला फवारा लिहून दिला असेल तर तो त्यांनी सांगितल्याप्रमाणे वापरा.

मूल शांत झालं की वहीत वेळ लिहा, आणि तिच्यापुढे झोपेपासूनचं अंतर: 'डोळा लागून अर्धा तास', 'उठून वीस मिनिटं'. माझ्या मते सगळ्या वहीत सर्वांत मोलाचं हेच आहे. समजा, सव्वासहाला उठणाऱ्या एका मुलीला रोज सकाळी साडेसहाच्या सुमारास झटके येतात. चवथीला रात्री उशिरापर्यंत आरत्या चालल्या, ती सकाळी नऊला उठली आणि झटके आले सव्वानऊला. घड्याळ पाहिलं तर वेळ बदललेली दिसते. झोपेपासूनचं अंतर पाहिलं तर काहीच बदललेलं नाही, फिट उठण्याला बांधलेली आहे. तसंच दुपारी तीनची फिट 'दिवसाची' म्हणून लिहिली जाते, पण मूल पेज जेवून तेव्हा झोपलेलं असेल तर ती झोपेतलीच.

डॉक्टर हे एवढं खोदून का विचारतात? कारण अपस्माराच्या काही प्रकारांची वेळ बऱ्यापैकी ठरलेली असते. माझ्या भाच्यासारखी, तोंडाच्या एका बाजूची फिट शाळकरी वयात बहुतेक झोपेतच येते, आणि वयात येईपर्यंत हा प्रकार सहसा आपोआप थांबतो. मेंदूच्या पुढच्या भागातून निघणाऱ्या फिट रात्री, थोडक्या वेळाच्या आणि एकामागून एक येतात. मूल ओरडतं, हातपाय झाडतं, आणि घरच्यांना वाटतं वाईट स्वप्न पडलं. याउलट, काही क्षण शून्यात बघत राहण्याच्या फिट जागेपणी, वर्गात बसल्या बसल्या येतात. दहावी-अकरावीतल्या मुलाच्या हातातून सकाळी चहाचा कप उडत असेल, तर त्याला धांदरट म्हणू नका. उठल्यानंतरच्या तासा-दोन तासांत हात दचकणं हा अपस्माराचाच एक प्रकार असू शकतो, आणि जागरणाने तो हमखास बळावतो.

एक प्रकार मात्र वहीसाठी थांबायचा नाही. वर्षाच्या आतलं बाळ झोपेतून उठल्यावर मान खाली टाकून, हात पसरून एकामागून एक दचके देत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १८४१ साली इंग्लंडमधल्या डॉ. वेस्ट यांनी आपल्याच बाळाचे असे दचके 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून कळवले होते. आजही अनेक घरांत पोटात दुखतंय म्हणून बाळाला घुटी पाजण्यात दिवस जातात.

रात्रीची प्रत्येक फिट दिसेलच असं नाही. सकाळी जीभ चावलेली, उशीवर लाळेचा मोठा डाग, नेहमी कोरडं राहणारं अंथरूण ओलं, अंग ठणकतंय, अशी खूण दिसली तर त्या तारखेपुढे प्रश्नचिन्ह टाका. मूल शक्यतो मोठ्या माणसाच्याच खोलीत झोपू द्या.

बांबोळीच्या सरकारी इस्पितळात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जाताना महिनाभराची नोंद एका पानावर उतरवून न्या. फिट झोपेतल्या दिसल्या तर मेंदूचा आलेख (ईईजी) झोपेत काढायचा का, आणि औषधाचा मोठा हिस्सा रात्री द्यायचा का, हे डॉक्टर ठरवतील. गोळीची वेळ स्वतःहून पुढेमागे करू नका. जत्रेला, नाटकाला मुलाला जरूर न्या, पण मध्यंतरापर्यंत, आणि रात्रीची गोळी खिशात असू द्या.

वहीतून धोक्याची वेळ कळली की घरातली कामं त्याप्रमाणे फिरवा. फिट उठल्यावरची असेल तर पहिला तासभर मुलाला विहिरीवर किंवा तळीवर एकटं पाठवू नका, आणि न्हाणीची कडी आतून लावू देऊ नका.