वडापाव, मिसळ, बर्गर सोडायचं नसेल तर रोजच्या खाण्यात कसं बसवायचं

फास्टफूड बंद करा असलं काही मी सांगणार नाहीये. ठाणे स्टेशनबाहेर गरम वडा दिसला की कोण थांबणारे, आणि एकदम बंद करणारा माणूस थोड्या दिवसांनी दुप्पट खातो हे आपण सगळ्यांनीच बघितलंय.

खरी गडबड अशी की संध्याकाळी सातला वडापाव होतो आणि साडेनऊला घरी पोळी-भाजी, वरणभात पण होतो, कारण वडापावला आपण खाणं धरतच नाही, "सहज खाल्लं" म्हणतो. तर पहिलं काम, बाहेर खाल्लं ते जेवणात धरायचं. ठाण्याच्या कुंजविहार हॉटेलचा वडा केवढा मोठा असतो माहितीये ना, तो खाऊन घरी गेलात तर रात्री पोळी-भात नको, वाटीभर घट्ट डाळ, काकडी-टोमॅटो, वाटलं तर दही, बास. डाळ आणि कोशिंबीर अशासाठी की वडापावमध्ये बटाटा, मैदा आणि तेलच जास्त, प्रोटीन नि फायबर जेमतेम, ते रात्री भरून काढायचं. घरचे म्हणतील जेवला नाहीस नीट, म्हणू देत.

मिसळ त्यामानाने बरी, कडधान्य तरी पोटात जातं. पण वर तरंगते ती तर्री म्हणजे तेलच, आणि तेलाच्या १ ग्रॅमला ९ कॅलरी, पिठाच्या १ ग्रॅमला साधारण साडेतीन, त्यामुळे ठाण्याच्या मामलेदार मिसळवाल्याकडे बसलात तरी कमी तिखट आणि तर्री कमी सांगा, फरसाण अर्धं ठेवा, जास्तीचा पाव मागवायच्या आधी दोन मिनिटं थांबा (मी थांबते, कधीकधी तरी मागवतेच, ते असो).

सगळ्यात सोप्पी बचत कोल्ड्रिंकमध्ये आहे आणि नेमकी तीच कोणी करत नाही. ३०० मिलीच्या कोल्यात साधारण ३० ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत आली तर अजून चांगलं, आणि २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. म्हणजे बर्गरला हात लावायच्या आधीच कोटा संपला! काउंटरवरचा मुलगा "थोडेच पैसे जास्त, कॉम्बो करू का" विचारतो तेव्हा नाही म्हणायचं, बर्गर एकटा घ्यायचा, सोबत पाणी.

मॉलमधल्या मोठ्या चेनवाल्यांच्या मेनूवर कॅलरी लिहिलेल्या असतात, १० किंवा जास्त ठिकाणी दुकानं असलेल्यांना २०२२ पासून ते सक्तीचं आहे, फक्त आपण भाव बघतो आणि तो आकडा सोडून देतो. एकदा वाचा. मेयो आणि चीज वाढलं की आकडा कसा चढतो ते कळेल, मेयो म्हणजे मुख्यतः तेलच आहे, त्यामुळे मेयोत बुडवलेलं सॅलड घेऊन मी हेल्दी खाल्लं असं वाशीच्या फूडकोर्टात बसून कृपया कोणाला सांगू नका.

बीपीवाल्यांनी कॅलरीपेक्षा मीठ बघा. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणजे छोटा चमचा, आणि चायनीज भेळीत सोया सॉस, शेजवान चटणी, वरून तळलेले नूडल्स, सगळं खारट.

गाडीवर खाताना कढईकडे नजर टाका. तेल काळं, फेस येतोय, धूर नाकात जातोय, तर पुढे चला. तेच तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात खराब घटक वाढतात, सरकारी नियमात त्याला २५ टक्क्यांची मर्यादा आहे, पण गाडीवर आपण काय मोजणार, डोळे आणि नाक एवढंच.

किती वेळा खायचं म्हणाल तर माझं मत आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, शुगर किंवा हार्टचं काही असेल तर डॉक्टर सांगतील ते. आणि पाणीपुरी पावसाळ्यात मी सोडतेच, पुरीमुळे नाही, पाण्यामुळे.