बिल येण्याआधीच ठरवून टाका

संभाजीनगरात पाच मित्र जेवायला बसले. तिघांनी मटणाचा नान-खलिया मागवला, दोघांनी शेवभाजी-भाकरी. आता बिलाचे सरळ पाच भाग केले की ते दोघं 'जाऊ दे रे' म्हणतात, आणि पुढच्या वेळी येतच नाहीत. म्हणून ऑर्डर देतानाच विचारा: सारखं वाटायचं की ज्याचं त्याचं?

शाकाहारी-मांसाहारी असे दोन हिशेब केले तरी पुरतं. पापड कुणी किती खाल्ले ते मोजू नका. दारूचं बिल मात्र वेगळंच मागा. तिच्यावर जीएसटी नसतो, व्हॅट असतो, आणि न पिणाऱ्याला तो भुर्दंड कशाला? जेवणावरचा ५ टक्के जीएसटी ज्याच्या-त्याच्या रकमेवर धरा: २४० चं खाल्लं, २५२ द्या. बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर काढायला सांगता येतो. तो ऐच्छिक आहे.

पैसे एकानेच भरावेत, बाकीच्यांनी टेबलावरून उठण्याआधी यूपीआय करावं. 'घरी गेल्यावर टाकतो' म्हणणाऱ्याकडे नंतर मागणं फार जिवावर येतं.

हुरडा पार्टीत मात्र शेतवाल्या मित्राकडून वर्गणी घ्यायची नसते. ज्वारी त्याचीच असते.