राहते घर विकून दुसरे घेताना तारखांची सांगड कशी घालावी

आधी जुने घर विकावे की आधी नवे घ्यावे, या प्रश्नावर घरोघरी वाद होतात आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे असते. आधी विकले तर भाड्याच्या घरात जाऊन सामान दोनदा हलवावे लागते. आधी घेतले तर जुने घर विकले जाईपर्यंत कर्जाचा हप्ता आणि झोप या दोहोंवर ताण येतो. माझ्या मते प्रश्नच चुकीचा मांडला जातो. महाराष्ट्रात सदनिकेचा व्यवहार एका दिवसात होत नाही. विसार (सौदा पक्का करताना दिलेली आगाऊ रक्कम), नोंदणीकृत साठेखत (विक्रीचा करार), उरलेली रक्कम आणि ताबा असे त्याचे चार टप्पे असतात, आणि विक्री व खरेदी मिळून आठ तारखा आपल्या हाती येतात. त्यांतल्या दोनच गोष्टी पक्क्या धराव्यात: विक्रीचे साठेखत खरेदीच्या साठेखताच्या आधी व्हावे, आणि नव्या घराचा ताबा जुन्याचा ताबा देण्याच्या आधी मिळावा. कागदावर आधी विकावे, पाऊल मात्र आधी नव्या घरात टाकावे. बाकीच्या तारखा या दोन खुंट्यांना टांगता येतात.

सुरुवात कपाटातल्या पिशवीपासून

तीस-पस्तीस वर्षे एकाच घरात राहिलेल्या कुटुंबाचा वेळ गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा कागद जुळवण्यात जास्त जातो, आणि हे बहुधा विसार घेतल्यानंतरच लक्षात येते. आमचेच उदाहरण देतो. कोथरूडमधले आमचे घर वडिलांच्या नावे होते. ते गेल्यावर सोसायटीने नामनिर्देशनाच्या आधारे शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या रकान्यात आईचे नाव लिहून शिक्का मारला, आणि आम्ही सर्वांनी विषय संपला असे समजलो. ग्राहकाच्या बँकेच्या वकिलाने तो शिक्का पाहून एकच प्रश्न विचारला: हक्कसोडपत्र कुठे आहे? नामनिर्देशनामुळे सोसायटीला कोणाशी व्यवहार करायचा एवढेच ठरते, मालकी वारसांकडेच जाते, म्हणून बाकीच्या वारसांनी आपला हिस्सा सोडल्याचे हे पत्र लागते. भाऊ परदेशात असल्याने तिथल्या भारतीय वकिलातीतून कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून आणणे, इथे त्यावर मुद्रांक भरणे आणि मग हक्कसोडपत्र नोंदवणे यांत नऊ आठवडे गेले. तेवढ्यात नव्या घराच्या मालकाने दिलेली मुदत संपली आणि आमचा एक लाखाचा विसार बुडाला. करारात तसे लिहिलेले असल्यामुळे त्यांना बोल लावण्यातही अर्थ नव्हता.

म्हणून जाहिरात देण्याच्या किंवा एजंटला सांगण्याच्या निदान तीन महिने आधी मूळ करारनामा, त्याची नोंदणी पावती, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला), मिळकतकराची पावती आणि सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला एकत्र करून एखाद्या वकिलाकडून पाहून घ्यावेत. ऐंशीच्या दशकातले काही करार पाच-दहा रुपयांच्या मुद्रांकावर, नोंदणीशिवाय झालेले आढळतात. कमी भरलेल्या मुद्रांक शुल्कावर दरमहा २ टक्के दंड लागतो आणि ते प्रकरण निकाली निघायला वेळ लागतो. जुने गृहकर्ज फिटले असेल पण मूळ कागद बँकेकडून आणले नसतील, तर तेही आताच आणावेत. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत ते परत देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने घातले आहे आणि १ डिसेंबर २०२३ पासून विलंबाबद्दल दिवसाला ५,००० रुपये भरपाईची तरतूद आहे.

सहमालकांपैकी कोणी अनिवासी असेल तर आणखी लवकर हालचाल करावी. निवासी विक्रेत्याच्या बाबतीत ५० लाख व त्यावरील व्यवहारात खरेदीदार केवळ १ टक्का टीडीएस (रक्कम देतानाच कापायचा प्राप्तिकर) कापतो. अनिवासी विक्रेत्याच्या वाट्यावर मात्र तो कितीतरी जास्त दराने कापला जातो, आणि कमी कपातीचा दाखला प्राप्तिकर खात्याकडून आधी मिळवला नाही तर नव्या घरासाठी लागणारे पैसे परतावा येईपर्यंत अडकून पडतात.

पैशाची खरी तूट

समजा जुने घर ९५ लाखांना जाणार आहे आणि मनात भरलेले घर पुण्यातच १ कोटी २० लाखांना आहे. तोंडी हिशोबात तूट २५ लाखांची दिसते, पण प्रत्यक्षात पुणे महापालिका हद्दीत ७ टक्क्यांनी ८ लाख ४० हजार मुद्रांक शुल्क, ३० हजार नोंदणी फी आणि दोन्ही बाजूंची १-१ टक्का दलाली धरली तर तूट ३५ लाख ८५ हजारांवर जाते. रंगकाम, फर्निचर आणि सामान हलवण्याचा खर्च अजून यात नाही. खरेदी केवळ स्त्रीच्या नावे केली तर मुद्रांकात १ टक्का सवलत मिळते. इथे ती १ लाख २० हजारांची होते, म्हणून घरात त्याची चर्चा नक्की करावी.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पैसा केव्हा येतो हे पाहणे. आपला ग्राहक बहुधा गृहकर्ज घेणारा असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते. म्हणजे ९५ लाखांतले सुमारे २० लाख ग्राहकाच्या पदरचे असतात, ते साठेखताच्या सुमारास आपल्याला मिळतात, आणि उरलेले ७५ लाख बँक कागदपत्रे तपासून काही आठवड्यांनी एका धनादेशाने देते. त्या २० लाखांतून नव्या घराचे मुद्रांक आणि नोंदणी भरली की हातात जेमतेम ११ लाख उरतात, म्हणजे नव्या घराच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. नव्या घराचा मालक साठेखतालाच २० टक्के मागत असेल, तर मधला फरक ठेवीतून भरता येतो का, हे विसार देण्यापूर्वी कागदावर मांडून पाहावे. ग्राहकाचा नुसता विसार आलेला असताना त्यावर विसंबून पुढचे आश्वासन देणे म्हणजे बाजारात तुरी अशातला प्रकार आहे. साठेखत नोंदवून ग्राहकाने स्वतःच्या खिशातून मुद्रांक भरला, की मगच तो सहसा मागे फिरत नाही.

साठेखतापूर्वी ग्राहकाचे कर्ज मंजूर झाल्याचे पत्र पाहावे आणि आपल्या घराची कागदपत्रे त्याच्या बँकेच्या वकिलाकडून आधीच तपासून घेण्यास सांगावे. उत्पन्नावर मंजूर झालेले कर्ज एखाद्या विशिष्ट घरासाठी नाकारले जाऊ शकते, हे ग्राहकालाही अनेकदा ठाऊक नसते. व्यवहारातली एकही रक्कम रोखीने घेऊ नये. स्थावर मालमत्तेपोटी २०,००० रुपये किंवा अधिक रोख स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे आणि दंड त्या रकमेइतकाच असतो.

दोन करारांत लिहून घ्यायच्या अटी

विक्रीच्या साठेखतात ताब्याची तारीख ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर’ एवढीच मोघम लिहिण्याची पद्धत आहे. ती आपल्याला परवडणारी नाही, कारण बँकेचा धनादेश आला त्याच दिवशी घर रिकामे करावे लागते आणि नव्या घराचे पैसे तर त्याच धनादेशातून द्यायचे असतात. ‘पूर्ण रक्कम मिळाल्यापासून ३० दिवसांत’ अशी अट घालावी आणि ग्राहकाच्या समाधानासाठी एखादा लाख रुपये ताब्याच्या वेळी घेण्याचे मान्य करावे. त्याच्या बँकेला लगेच ताबापत्र हवे असेल, तर विक्री पूर्ण करून त्याच घरात एक-दोन महिन्यांसाठी लिव्ह अँड लायसन्स करार करून राहता येते. हा करार नोंदवणे महाराष्ट्रात बंधनकारक आहे. आपल्याच घरात भाडेकरू म्हणून सही करताना आईला हसूही आले आणि थोडे वाईटही वाटले, पण दोनदा सामान बांधण्यापेक्षा ते बरे होते.

खरेदीच्या साठेखतात याच्या उलट अट हवी. उरलेली रक्कम देण्याची मुदत आपल्या ग्राहकाच्या बँकेकडून पैसे येण्याच्या अपेक्षित तारखेनंतर किमान ४५ दिवस ठेवावी आणि ठरलेल्या व्याजाने ती आणखी ३० दिवस वाढवण्याचा हक्क मागावा. विक्रेते सहसा कुरकुरतात, पण व्याजाचा दर लिहिलेला असला की मान्य करतात. यासाठी आपण स्वतःचे घर विकून पैसे उभे करत आहोत, हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगावे. लपवून ठेवल्यास पुढे संशय वाढतो. आपण खरेदीदार या नात्याने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, हेही या गडबडीत राहून जाते.

नवे घर बांधकामाधीन असेल तर सगळेच गणित बदलते. नोंदणीकृत कराराआधी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही आणि पुढचे पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे असल्याने सुरुवातीचा भार हलका वाटतो, पण ताब्याची तारीख आपल्या हातात नसते. महारेराच्या (गृहप्रकल्पांवरील राज्याच्या नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावरील तारीख पाहावी, तिच्यात एक वर्ष मिळवावे, आणि तेवढे भाडे परवडत असेल तरच जुने घर आधी विकावे. शिवाय भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या घरावर साधारणपणे ५ टक्के जीएसटी लागतो, पुनर्विक्रीच्या घरावर तो लागत नाही. साठी ओलांडलेल्यांना मी तयार घरच घ्यावे असे सांगेन.

कराचे घड्याळ

राहते घर विकून झालेला दीर्घकालीन नफा दुसऱ्या घरात गुंतवला तर करमाफी मिळते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ती कलम ५४ मध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू झाल्याने कलमाचा क्रमांक बदलला आहे, म्हणून सल्लागाराशी बोलताना नुसत्या क्रमांकावर विसंबू नये. मुदत अशी: विक्रीपूर्वी १ वर्ष किंवा विक्रीनंतर २ वर्षांत घर विकत घ्यावे, किंवा ३ वर्षांत बांधून घ्यावे. गुंतवायचा असतो तो नफा, विक्रीची सगळी रक्कम नव्हे, हे पुष्कळांना माहीत नसते. वर सुचवलेल्या क्रमाने दोन्ही व्यवहार काही महिन्यांच्या अंतराने होतात, त्यामुळे या मुदती सहज पाळल्या जातात.

नफा मोजताना २००१ पूर्वी घेतलेल्या घरासाठी १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य खर्च म्हणून धरता येते. मात्र त्या दिवशीच्या शासकीय मूल्यदराहून (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या किमतीहून) ते जास्त असता कामा नये. मूल्यांककाकडून त्याचा दाखला घ्यावा. समजा ते मूल्य ६ लाख ठरले. ९५ लाखांच्या विक्रीवर नफा ८९ लाख, आणि साडेबारा टक्क्यांनी कर ११ लाख १२ हजार ५०० रुपये होतो. अधिभार आणि उपकर वेगळे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक धरून २० टक्क्यांचा पर्यायही आहे. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६ धरला तर तो कर १४ लाख ४८ हजार ८०० येतो, म्हणजे इथे साडेबारा टक्केच फायद्याचे. सर्व नफा नव्या घरात घातला की यातले काहीच भरावे लागत नाही. विक्री आणि खरेदी यांत ताळमेळ चुकला तर केवढ्या रकमेचा प्रश्न आहे, एवढेच दाखवण्यासाठी हा हिशोब दिला.

विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत, म्हणजे नोकरदार व निवृत्तांसाठी सहसा ३१ जुलैपर्यंत, नवे घर झाले नसेल, तर न वापरलेला नफा बँकेत भांडवली नफा खाते योजनेत ठेवावा लागतो. साध्या मुदत ठेवीत ठेवलेला चालत नाही. इथे एक बारकावा कामाचा आहे. विक्री मार्चच्या शेवटच्या आठवड्यात झाली तर ही मुदत चार महिन्यांवर येते. तीच विक्री एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाली तर जवळजवळ सोळा महिने मिळतात. ग्राहकाला मात्र उलट घाई असते, कारण शासकीय मूल्यदर तक्ते सुधारले जातात ते १ एप्रिलला, आणि मार्चअखेर दुय्यम निबंधक कार्यालयात उभे राहायला जागा नसते. नवे घर अजून ठरलेच नसेल तर त्याच्या घाईला बळी पडू नये.

हंगाम आणि मुहूर्त

पितृपक्षात विसार द्यायला फारसे कोणी तयार होत नाही, आणि घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत तेच लोक रांगेत असतात. म्हणून घर दाखवण्याचे काम पितृपक्षात उरकून ठेवावे. चर्चा करायला कोणाची हरकत नसते. पावसाळ्यात दाखवायचे असल्यास गच्चीखालच्या भिंतीची ओल आधी दुरुस्त करावी, केवळ रंग लावू नये, कारण जुलैमध्ये ती पोपडा धरून पुन्हा वर येते. नवे घर मात्र आपण मुद्दाम जुलै-ऑगस्टमध्येच पाहावे. घरात शाळेची मुले असतील तर ताब्याची तारीख मेच्या पहिल्या पंधरवड्यात यावी, आणि तसे हवे असल्यास वरच्या सगळ्या गोष्टी मोजत मागे गेले की कागद जुळवण्याचे काम आदल्या ऑगस्टमध्ये सुरू करावे लागते.

ताबा देताना चावीबरोबर वीजमीटरच्या रीडिंगचे छायाचित्र, सोसायटीच्या शेवटच्या देखभाल पावतीची प्रत आणि दिलेल्या मूळ कागदांची यादी यांवर ग्राहकाची सही घ्यावी. पुण्यात नव्या घरात राहायला गेल्यावर मिळकतकरातली ४० टक्के सवलत आपोआप लागू होईल असे धरून चालू नये. स्वतः राहत असल्याचा पीटी-३ अर्ज महापालिकेत द्यावा, आणि त्याची पोच नव्या घराच्या कागदांच्या पिशवीत पहिल्याच दिवशी घालावी.