ट्रान्सफर टाइट एंड घेताय? या चुका टाळा

जानेवारी लागला की माझ्या फोनवर एकाच धाटणीचे मेसेज यायला लागतात. ‘दादा, हा बघ. सहा फूट पाच इंच, अडीचशे पौंड, गेल्या सीझनला पन्नासच्या वर कॅच. पोर्टलमध्ये आलाय. कोचना सांगू का?’ सोबत दोन मिनिटांची हायलाइट. (पोर्टल म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. ती चालवते एनसीएए, इथल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था.) पाठवणारी मुलं आपलीच असतात. पुण्या-नागपूरहून अमेरिकेत एमएसला आलेली आणि इथल्या कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलच्या ऑफिसात डेटा आणि टेप बघायच्या कामाला लागलेली. मुलं हुशार आहेत, रात्र रात्र जागतात, पण हायलाइटवरून खेळाडू निवडायची सवय सुटत नाही. मी दहा वर्षं याच कामात आहे आणि त्यातली बरीचशी हरणाऱ्या टीमसोबत गेली. तेच उत्तर पुन्हा पुन्हा टाइप करून थकलो, म्हणून आता एकदाच सविस्तर लिहितो.

आधी जागा समजून घ्या. टाइट एंड ऑफेन्सच्या (चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या बाजूच्या) पुढच्या रांगेच्या, म्हणजे लाइनच्या टोकाला, टॅकल या लाइनमनच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो. लाइनवरच्या आतल्या पाच जणांना पास झेलता येत नाही, याला येतो. म्हणजे एका स्नॅपला (चेंडू खेळात येतो तो क्षण) समोरच्या डिफेन्सिव्ह एंडला, म्हणजे डिफेन्सच्या रांगेच्या टोकावरच्या माणसाला (पुढे नुसतं ‘एंड’), अंगावर घ्यायचं आणि पुढच्या स्नॅपला त्याच जागेवरून निसटून लाइनबॅकरच्या, म्हणजे डिफेन्सच्या दुसऱ्या रांगेतल्या माणसाच्या, मागे पळायचं. दोन्ही कामं एकाच ठिकाणाहून सुरू होतात, म्हणून डिफेन्सला आधी अंदाज येत नाही. यातलं एकच काम येणारा माणूस उभा केलात, की डिफेन्सला चेंडू कुठे जाणार ते स्नॅपच्या आधीच कळतं. हायलाइटमध्ये दिसतं ते दुसरं काम. पहिलं त्यात कोणी घालतच नाही.

त्यामुळे माझ्या मते सगळ्यात मोठी चूक एकच: कॅच मोजून टाइट एंड घेणं. हे म्हणजे फक्त बॅटिंगची सरासरी बघून विकेटकीपर निवडण्यासारखं आहे. ही चूक मी स्वतः केली आहे आणि ती अजून विसरलेलो नाही.

२०२१च्या सीझनमध्ये आमच्या टीमने तीन सामने जिंकले आणि नऊ हरले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये एनसीएएने एका वर्षाची सक्ती काढली होती, त्यामुळे ट्रान्सफर झालेला मुलगा आता बाहेर न बसता लगेच खेळू शकत होता. हवेत एकच वाक्य होतं, ‘पोर्टलमधून दुरुस्त करू.’ आमचा ऑफेन्स रन-प्रधान (चेंडू फेकण्यापेक्षा हातात घेऊन धावणारा) होता आणि टाइट एंडच्या बाजूने बाहेर धावणं हेच आमचं मुख्य हत्यार. एका छोट्या कॉलेजमधला मुलगा मला सापडला. सीझनला अठ्ठावन्न कॅच, मऊ हात, गुणी पोरगा. त्याच्या क्लिपा मी कापल्या आणि मीटिंगमध्ये मीच दाखवल्या. टाइट एंडच्या कोचनी एकदा विचारलंही, ‘हात जमिनीवर ठेवलेला कुठे दिसतोय?’ मी म्हणालो, ‘शिकेल.’ सगळ्यांना घाई होती. शुक्रवारी तो भेटीला आला आणि सोमवारी त्याची सही झाली.

त्याच्या जुन्या कॉलेजचा ऑफेन्स स्प्रेड पद्धतीचा, म्हणजे खेळाडू मैदानभर पसरवून खेळणारा होता. तिथे तो नावाला टाइट एंड, पण उभा राहायचा स्लॉटमध्ये, लाइनपासून पाच यार्ड बाहेर, दोन पायांवर ताठ. त्याच्या अंगावर यायचे ते त्याच्यापेक्षा पन्नास पौंडांनी हलके कॉर्नर, म्हणजे बाहेरच्या बाजूचे बचावपटू. सीझन संपल्यावर मी त्याच्या चार जुन्या सामन्यांचा एकेक स्नॅप बसून मोजला. हात जमिनीवर टेकून लाइनला लागलेला तो एकोणीस वेळा दिसला. ही मोजणी मी सही होण्याआधी करायला हवी होती.

नोव्हेंबरातला एक सामना आम्ही चार गुणांनी मागे होतो. चौथं डाउन, म्हणजे शेवटची संधी, एक यार्ड हवा, चेंडू एंड झोनपासून (जिथे पोचलं की गुण मिळतात) दोन यार्डांवर. रन त्याच्याच बाजूने ठरला. त्या स्नॅपची एंड झोन कॅमेऱ्याची टेप मी किती वेळा बघितली याचा हिशेब नाही. हात जमिनीवर आहे, पण बोटांवर भार नाही, सगळं वजन टाचांवर. चेंडू हलला आणि त्याचं पहिलं पाऊल पुढे न पडता वर उचललं गेलं. हेल्मेट वर आलं, छाती उघडी पडली. समोरच्या एंडने दोन्ही तळवे त्याच्या बरगड्यांखाली रोवले आणि त्याला मागे रेटत थेट चेंडू घेऊन धावणाऱ्या आमच्या रनिंग बॅकच्या वाटेत आणून ठेवलं. दोन यार्ड मागे आणि सामना गेला.

ड्रेसिंग रूममध्ये तो टॉवेल डोक्यावर घेऊन बसला होता. मी शेजारी बसलो. तो एवढंच म्हणाला, ‘हे मला कधी कोणी शिकवलंच नाही. मग मला आणलंत कशासाठी?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक त्याची नव्हतीच. तो जे करत होता ते उत्तम करत होता, आम्ही त्याला भलत्याच कामाला जुंपलं.

त्या दिवसापासून माझी एक सवय आहे, पद्धत म्हणा हवं तर. पोर्टलमधला कोणताही टाइट एंड असो, त्याच्याकडे पास गेला ते सगळे प्ले मी आधी बाजूला काढतो. उरतात ते रन प्ले. त्यातूनही हरलेल्या सामन्यांचे आणि तिसऱ्या क्वार्टरनंतरचे, म्हणजे अंग थकलेलं असताना तो काय करतो ते दिसतं. कॅमेरा एंड झोनमधला. बाजूच्या कॅमेऱ्यातून पावलं कळत नाहीत. माझ्या वहीत तीनच शेरे असतात, मराठीत: ‘रेटला’, ‘अडवला’, ‘लोंबकळला’. रेटला म्हणजे समोरच्याला जागेवरून हलवलं. अडवला म्हणजे जागा सोडली नाही, याही कामावर संसार चालतो. लोंबकळला म्हणजे एंडच्या खांद्याला लटकून राहिला, आणि त्यावर होल्डिंगचा दंड पंचाच्या नजरेवर अवलंबून. शंभर रन प्ले झाल्याशिवाय मी मत देत नाही. याला दोन रात्री लागतात. ‘दादा, एवढा वेळ नाही, दुसरं कॉलेज उचलून नेईल’ असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे, नेऊ द्या. चुकीचा मुलगा वर्षभर सांभाळण्यापेक्षा ती जागा रिकामी ठेवलेली बरी.

बोटांकडेही बघा. रन असला की काही मुलं हातावर इतकं रेलतात की पेरं पांढरी पडतात, आणि पास असला की बोटं नुसती टेकवलेली. समोरच्या टीमचे कोच हे टिपतात. हा दोष महिनाभरात जातो, पण आधी कोणीतरी बघायला हवा.

आणि चूक होऊन बसलीच असेल तर? सीझनच्या मध्यावर त्याला लाइनवर उभा राहायला शिकवत बसू नका, त्याने मुलगा खचतो. त्याला लाइनपासून एक यार्ड मागे, पंखाला उभा करा. स्नॅपच्या आधी मोशन द्या, म्हणजे ब्लॉकला (समोरच्याला अडवायला) जाताना धाव मिळते. स्प्लिट झोन या रन प्लेमध्ये लाइनच्या मागून आडवा पळत येऊन मागच्या बाजूच्या एंडला आपटणं अशा मुलांना लाइनवरच्या कुस्तीपेक्षा लवकर जमतं. एक यार्ड हवा असेल तेव्हा त्या जागी सहावा लाइनमन घाला. मात्र त्याला ५० ते ७९ च्या बाहेरचा नंबर द्या. त्या नंबरांना पास झेलायची परवानगी नाही, आणि डिफेन्सला हे आपल्याआधी दिसतं.

दुसरी चूक, तिच्यावरही मी भांडतो: टाइट एंड एकटा आणणं आणि त्याच्याकडून चमत्काराची आशा धरणं. इथे सगळे व्हँडरबिल्टचं नाव घेतात, पण अर्धीच गोष्ट सांगतात. २०२३मध्ये व्हँडरबिल्ट कॉलेज २-१०, म्हणजे दोन विजय आणि दहा पराभव. पुढच्या वर्षी ईलाय स्टोअर्स हा टाइट एंड आला, ५ ऑक्टोबर २०२४ला त्यांनी पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला ४०-३५ हरवलं आणि सीझन ७-६ संपवला. २०२५मध्ये स्टोअर्सला देशातल्या सर्वोत्तम टाइट एंडला मिळणारा जॉन मॅकी पुरस्कारही मिळाला. झालं, सगळ्यांना आपापला स्टोअर्स हवा झाला.

उरलेली अर्धी गोष्ट अशी. स्टोअर्स न्यू मेक्सिको स्टेटहून आला तेव्हा त्याच कॉलेजमधून क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) डिएगो पाविया आला, ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (प्ले बोलावणारे कोच) टिम बेक आले आणि तिथले हेड कोच जेरी किलही आले. व्हँडरबिल्टने एका खेळाडूऐवजी चालता ऑफेन्स उचलून आणला. फेकणाऱ्याला झेलणाऱ्याची लय ठाऊक होती आणि प्ले बोलावणाऱ्याला दोघांची. शिवाय स्टोअर्स मुळात टेक्सास ए अँड एममध्ये क्वार्टरबॅक म्हणून दाखल झालेला. समोरचं कव्हरेज (पास अडवायची मांडणी) क्वार्टरबॅकच्या डोळ्यांनी वाचणारा टाइट एंड कुठे थांबायचं आणि कुठे पळायचं हे बरोबर ओळखतो. टेपवर हे गुण कॅचच्या आकड्याच्या आधी दिसतात.

इंडियानाचंही तसंच. हेड कोच कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन कॉलेजहून आले आणि ३-९ची टीम २०२४ला ११-२ झाली. त्यांनी जुन्या कॉलेजमधून डझनभराहून जास्त मुलं सोबत आणली, त्यात टाइट एंड झॅक हॉर्टनही होता. हॉर्टनची ओळख मुख्यतः ब्लॉकर म्हणून. त्याच्या कॅचच्या आकड्यांवर कोणी नजर टाकली नसती. पण ऑफेन्सची भाषा त्याला पहिल्या दिवसापासून येत होती, आणि नव्या कोचला असा एक मुलगा लागतोच जो इतरांना सांगेल, ‘इथे असं नाही, असं उभं राहायचं.’

म्हणून माझा प्रश्न ठरलेला असतो: याला ओळखणारं आपल्याकडे आधीपासून कोण आहे? त्याचा जुना पोझिशन कोच, त्याच्याविरुद्ध खेळलेला आपला एंड, त्याच हायस्कूलचा एखादा लाइनमन, कोणीही चालेल. आपला एंड त्याच्याविरुद्ध खेळला असेल तर मी आधी त्यालाच गाठतो. एंडला मुद्द्याचं माहीत असतं: शेवटच्या क्वार्टरला हा मुलगा अंगावर येतो की नाही. आणि आपला क्वार्टरबॅक मधल्या भागात, लाइनबॅकरच्या डोक्यावरून चेंडू टाकतो का, हेही तपासा. तो बाजूच्या रेषेलाच फेकत असेल तर सर्वोत्तम टाइट एंडही चाळीस स्नॅप नुसता पळत राहील.

एकच टाइट एंड आणू नका. आयोवाएवढी टाइट एंडची परंपरा फार थोड्या ठिकाणी आहे, तिथल्या टी. जे. हॉकन्सन आणि नोआ फँट या दोघांची २०१९च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत) पहिल्याच फेरीत निवड झाली. त्या आयोवाने २०२३साठी मिशिगनहून एरिक ऑलला आणलं, ल्यूक लाची घरचा होताच. लाची सप्टेंबरमध्ये जखमी झाला आणि ऑलचा गुडघा ऑक्टोबरमध्ये गेला. सीझनच्या मध्यालाच दोन्ही मोहरे बाहेर. ऑलची आदल्या वर्षी पाठीची शस्त्रक्रिया झाली होती, तरी त्याला घेणं चूक नव्हतं. खेळला तेवढे दिवस त्यांचा सगळ्यात भरवशाचा झेलणारा तोच होता. पण अशा जागी तिसरा माणूस तयार लागतो, आणि तो घरचाच हवा. नव्याची सही होण्याआधी घरच्या मुलांना समोर बसवून सांगा. त्यांना फोनवरून कळलं तर त्यांचा विश्वास जातो.

आता भराभर. रोस्टरवरच्या वजनावर विश्वास ठेवू नका, भेटीला आला की वजनकाट्यावर उभा करा. पोर्टलमध्ये नाव येण्याआधी मुलाला, त्याच्या घरच्यांना किंवा त्याच्या मित्रालाही मेसेज करू नका. तो नियमभंगच आहे, ‘सगळेच करतात’ हे कारण मला ऐकवू नका. स्पेशल टीम्सची (पंट आणि किकच्या वेळी उतरणाऱ्या फळीची) टेप मागा. पंटच्या वेळी जीव तोडून पळणारा मुलगा लाइनवरही कष्ट करतो.

क्रेडिटचं मात्र मनावर घ्या. तिसरं वर्ष सुरू होताना पदवीचा ४० टक्के, चौथं सुरू होताना ६० आणि पाचव्याला ८० टक्के भाग पूर्ण हवा, अशी एनसीएएची अट आहे. कॉलेज बदललं की काही विषय नव्या पदवीत धरले जात नाहीत आणि टक्केवारी खाली घसरते. सहीच्या आधी गुणपत्रक घेऊन अ‍ॅकॅडमिक ऑफिसात स्वतः जा, ईमेलवर सोडू नका.

घाईचं कारण मला समजतं. पूर्वी हिवाळ्यात हुकलं तर एप्रिलची खिडकी असायची. २०२६पासून एकच उरली, २ ते १६ जानेवारी. रोस्टरही १०५ खेळाडूंचाच. म्हणून मोजणीचं काम नोव्हेंबरातच उरकून ठेवा. आपल्या ऑफेन्सला लाइनवरचा हवा की स्लॉटमधला, हे कोऑर्डिनेटरकडून एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद भिंतीला लावा. मुलगा जानेवारीत वर्गात बसला तर वसंतातले पंधरा सराव त्याला पूर्ण मिळतात. जूनमध्ये आला तर ते गेले.

यंदा मला टेप पाठवणार असाल तर हरलेल्या सामन्याची, एंड झोनच्या कॅमेऱ्याची, दुसऱ्या हाफची पाठवा. शंभर रन प्ले स्वतः आधी बघा, शेरे लिहा आणि वहीच्या पानाचा फोटो सोबत जोडा. मग आपण फोनवर बसू, तुमचा ‘अडवला’ आणि माझा ‘लोंबकळला’ कुठे जुळत नाही ते एकेक स्नॅप लावून बघू.